मी कोण, असें विचारणारें यंत्र



अडगळीच्या खोलींत पडलेली एखादी जुनी वस्तु पुसून पुन्हा चालती करण्यांत जो आनंद असतो, तो आपणांपैकीं पुष्कळांनीं अनुभवला असेल. आजोबांचें भिंतीवरचें घड्याळ, आईचें शिवणयंत्र, एखादी भात्याची पेटी, या वस्तूंचा एक मोठा गुण असा, कीं त्या उघडल्या म्हणजे आंत काय बिघडलें आहे तें निदान डोळ्यांना दिसतें. आज ज्या वस्तूविषयीं मी बोलणार आहें, ती उघडली तरी कांहीं सांगत नाहीं. तो एक संगणक आहे. सन कंपनीचा, स्पार्कस्टेशन 5 या नांवाचा, 1994 सालीं बाजारांत आलेल्या जातीचा. त्याच्यावर नेटबीएसडी नांवाची, युनिक्सच्या कुळांतली कार्यप्रणाली मीं 2024 च्या पावसाळ्यांत बसविली. त्या खटाटोपाची हकीकत सांगावी, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु.

कार्यप्रणाली, म्हणजे इंग्रजींत जिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात ती, संगणकाचा कारभारी होय. स्मृतींतील जागा कोणाला किती द्यावयाची, डिस्कवर काय कोठें ठेवावयाचें, कोणत्या प्रोग्रामाचें काम आधीं व कोणाचें मागून, हें सर्व ती ठरविते. आपल्या घरीं येणाऱ्या संगणकांत हा कारभारी दुकानांतूनच नेमलेला असतो, त्यामुळें त्याची नेमणूक कशी होते याचा विचार करण्याची पाळी आपणांवर येत नाहीं. माझ्यावर ती आली.

हें यंत्र माझ्या मामांचें. ते एका संस्थेंत गणित शिकवीत असत. संस्थेनें जुनीं यंत्रें भंगाराच्या भावानें काढलीं, तेव्हां त्यांनीं त्यांतलें एक विकत घेऊन घरीं आणलें, आणि निवृत्तीनंतर बरींच वर्षें त्यावर एक काम चालविलें. लहानपणीं रत्नागिरीच्या किनाऱ्यावर ऐकलेले गलबतावरचे शब्द, त्यांचे अर्थ, ते कोणत्या प्रसंगीं कोण वापरी, असा एक संग्रह ते करीत होते. 2016 सालीं मामा गेले. त्यानंतर मी भेटावयास गेलों कीं मामी म्हणत, "अरे, ह्यांचें सगळें लिहिणें त्या पेटींत आहे. तेवढी उघडून दे मला." मी "हो, मामी, देतों" म्हणे आणि घरीं येई. अशीं आठ वर्षें गेलीं. संगणकाचें काम करून पोट भरणाऱ्या भाच्याला हें फारसें भूषणावह नव्हे, हें मी कबूल करतों.

यंत्र दिसावयास अगदीं साधें. सुमारें 16 इंच लांबरुंद व 3 इंच उंच, फिकट करड्या रंगाची पसरट पेटी. आंत 110 मेगाहर्ट्झ गतीचा मायक्रोस्पार्क-2 प्रोसेसर आणि 64 मेगाबाइट स्मृति. म्हणजे गतीच्या नुसत्या आंकड्यानें पाहिलें तर आजच्या साध्या मोबाईलच्या सुमारें विसावा हिस्सा. पण या आंकड्यांवरून त्याची योग्यता ठरवूं नये. अशा यंत्रांना वर्कस्टेशन म्हणत, आणि तीं शास्त्रज्ञांच्या व इंजिनिअरांच्या टेबलावर असत. 1995 सालचा 'टॉय स्टोरी' हा संपूर्णपणें संगणकावर तयार झालेला पहिला लांबीचा चित्रपट. त्यांतील चित्रें याच घराण्यांतल्या शंभरांहून अधिक स्पार्कस्टेशन 20 यंत्रांनीं रात्रंदिवस खपून उमटविलीं. सन कंपनी 1982 सालीं कॅलिफोर्नियांत निघाली. तिचें नांव सूर्यावरून पडलें नाहीं, स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटी नेटवर्क या तीन शब्दांच्या आद्याक्षरांवरून पडलें. आणि तिच्या संस्थापकांपैकीं विनोद खोसला यांचा जन्म पुण्याचा, हेंहि जातां जातां सांगून ठेवतों. 2010 च्या जानेवारींत ओरॅकल कंपनीनें सन विकत घेतली. हीं यंत्रें बनणें त्याच्या कितीतरी आधींच थांबलें होतें.

अशा अपरिचित यंत्रावर कार्यप्रणाली बसविणें अवघड कां, हें थोडें सांगितलें पाहिजे. आपल्या घरगुती संगणकांतला प्रोसेसर बहुधा इंटेलच्या कुळांतला असतो. त्याची आज्ञांची भाषा वेगळी आणि स्पार्कची वेगळी. एकासाठीं तयार केलेला प्रोग्राम दुसऱ्याला देणें म्हणजे मोडी न येणाऱ्याच्या हातीं पेशवे दफ्तराचा रुमाल देणें होय. पूर्वीं तर बहुतेक यंत्रांची कार्यप्रणाली त्या त्या यंत्राच्याच बोलींत लिहीत, आणि यंत्र गेलें कीं तीहि जाई. युनिक्सनें हा नियम मोडला. 1969 सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं ती आरंभिली. 1973 सालीं ती सी नांवाच्या, यंत्राहून थोड्या उंचावरच्या भाषेंत पुन्हा लिहिली. त्यामुळें भाषांतराचें काम भाषांतर करणाऱ्या प्रोग्रामावर सोंपवितां आलें, आणि यंत्रापुरता लिहावयाचा भाग अगदीं थोडा उरला. पुढें बर्कलीच्या विद्यापीठानें युनिक्सची आपली शाखा वाढविली, आणि त्या शाखेवर 1993 सालीं नेटबीएसडीचें रोप लागलें. नाना जातींच्या यंत्रांवर चालावें, हें या मंडळींचें पहिल्यापासूनचें ब्रीद. तिची दहावी आवृत्ति 28 मार्च 2024 रोजीं प्रसिद्ध झाली, तींत तीस वर्षांपूर्वींच्या माझ्या स्पार्कस्टेशनसाठींहि प्रति होती. ओपनबीएसडी या तिच्या धाकट्या बहिणीनें जुन्या स्पार्कचा हात 2016 च्या आवृत्तीनंतर सोडला. त्यांना मी दोष देत नाहीं. विनावेतन काम करणाऱ्या माणसांनीं कोठेंतरी थांबावें लागतें.

आतां प्रत्यक्ष हकीकत.

मामांचा पडदा केव्हांच निकामी झाला होता, आणि त्याचें जोडणेंहि असें विचित्र, कीं बाजारांतला दुसरा पडदा त्याला लागत नाहीं. पण सनच्या यंत्रांची एक सोय मला ठाऊक होती: कळफलक जोडलेला नसला, तर तें यंत्र मागच्या बाजूच्या 25 छिद्रांच्या जोडणींतून, सेकंदाला 9600 बिट या मंद गतीनें, तारेवरून बोलूं लागतें. मीं तार जोडली, बटण दाबलें. पंखा फिरला, डिस्क गुरगुरली, आणि माझ्या पडद्यावर एक अक्षर उमटेना. दोन संध्याकाळी अशा गेल्या. तिसऱ्या दिवशीं लक्षांत आलें, कीं माझी तार सरळ होती. एकाचें तोंड दुसऱ्याच्या कानाला लागावें, म्हणून आंतल्या तारा उलटसुलट जोडलेली केबल लागते. मी तोंडाला तोंड लावून बसलों होतों. केबल बदलतांच अक्षरें भराभर आलीं, आणि त्यांतली एक ओळ अशी होती: या यंत्राच्या ओळखपत्रांतला मजकूर ग्राह्य नाहीं.

ही ओळख काय प्रकार आहे तो पाहा. सनच्या अशा यंत्रांत एक लहानशी चिप असते. तिच्यांत घड्याळ, थोडी स्मृति आणि या दोहोंना जागें ठेवणारी एक बॅटरी, अशीं तिन्हीं एकाच काळ्या ठोकळ्यांत कायमचीं बंद केलेलीं असतात. त्या स्मृतींत यंत्राची जात, त्याची निर्मितीची तारीख, त्याचा क्रमांक आणि जाळ्यावरचा त्याचा कायमचा पत्ता लिहिलेला असतो. बॅटरी सुमारें दहा वर्षें टिकते. ती मेली, कीं यंत्राला आपण कोण याचा विसर पडतो. बाकी सर्व अवयव धडधाकट. फक्त नांव गेलेलें. ज्यांनीं ही चिप योजिली त्यांचें माझें कांहीं वांकडें नाहीं, पण बॅटरी बदलण्याचें दार ठेवलें नाहीं हें मला पटत नाहीं. दहा वर्षांनीं हें यंत्र कोणी वापरील, असें बहुधा त्यांच्या मनांतच आलें नसावें.

ठोकळ्याचा वरचा भाग कानशीनें घांसून आंतल्या बॅटरीच्या तारा मोकळ्या करावयाच्या आणि त्यांना बाहेरून नाण्यासारखी साधी बॅटरी जोडावयाची, हा उपाय प्रसिद्ध आहे. माझा हात कांपतो. आमच्या गल्लींत मोबाईल दुरुस्त करणारा एक मुलगा बसतो. त्याच्याकडे भिंग आहे, बारीक टोकाची सोल्डरिंगची कढई आहे, आणि मुख्य म्हणजे भीति नाहीं. त्यानें तें काम अर्ध्या तासांत केलें, आणि "काका, हें कसलें खेळणें?" असें विचारून अगदीं थोडे पैसे घेतले.

बॅटरी बसली, आतां हरवलेली ओळख पुन्हा लिहावयाची. येथें मला मामा भेटले. त्यांच्या जमाखर्चाच्या वहीच्या आंतल्या पुठ्ठ्यावर, दुधाच्या हिशोबाच्या वर, निळ्या शाईनें यंत्राचा क्रमांक आणि जाळ्यावरचा पत्ता व्यवस्थित उतरून ठेवलेला होता. ही चिप एक दिवस विसरणार, हें त्या गणिताच्या मास्तरांना ठाऊक असलें पाहिजे. मला आठ वर्षें लागलीं, त्यांनीं आधींच उत्तर लिहून ठेवलें होतें.

सनच्या यंत्रांत कार्यप्रणालीच्याहि आधीं जागा होणारा एक चिमुकला प्रोग्राम असतो. तो नुसता "ओके" एवढाच शब्द लिहून आपल्या आज्ञेची वाट पाहत बसतो. त्याची भाषा फोर्थ. चार्ल्स मूर यांनीं निर्मिलेली. तिच्यांत आधीं कर्म आणि शेवटीं क्रिया: दोन आणि तीन मिळवावयाचे असले, तर दोन, तीन, मिळव, असें लिहावें. मराठी माणसाला यांत नवल वाटूं नये, आपलें क्रियापदहि शेवटींच येतें. ओळखीचे सोळा आंकडे एकेक करून लिहावयाचे: आधीं आंकडा, मग तो कितव्या घरांत ठेवावयाचा तें, आणि मग एमकेपी ही क्रिया. शेवटच्या सोळाव्या घरांत पडताळ्याचा आंकडा असतो. पहिले पंधरा आंकडे, हातचा न घेतां बेरीज करावी तशा एका रीतीनें, एकमेकांत मिसळले म्हणजे तो निघतो. तो काढण्याचें कामहि यंत्रालाच सांगतां येतें. मीं सर्व लिहिलें, पडताळा काढविला, यंत्र पुन्हा सुरू केलें. ग्राह्य नाहीं ही तक्रार गेली! त्या रात्रीं मीं मामींना फोन करून सांगितलें, कीं दोन दिवसांत काम होईल. असें कधीं सांगूं नये.

पहिला विचार असा, कीं मामांच्या डिस्कवरची जुनी सोलॅरिस प्रणालीच उठवावी, म्हणजे नवें कांहीं बसविण्याचें कारणच नाहीं. डिस्क फिरली, प्रणालीनें आपलें नांव सांगितलें, आणि मध्येंच वाचनाच्या चुका कळवीत ती थांबली. पुन्हा केलें, पुन्हा तेंच; शिवाय तिसऱ्या खेपेला डिस्कचा आवाज थोडा बदलल्यासारखा वाटला. मीं तात्काळ वीज बंद केली. ज्या डिस्कमध्यें एका माणसाचें वीस वर्षांचें काम आहे, तिच्यावर प्रयोग करीत बसणें बरें नव्हे. ती काढून मऊ फडक्यांत गुंडाळून कपाटांत ठेवली. मग ठरविलें, कीं दुसऱ्या एका 9 गिगाबाइटच्या डिस्कवर नेटबीएसडी बसवावी, आणि ती पूर्णपणें चालती झाल्यावरच मामांच्या डिस्कला हात लावावा. जाणत्या श्रोत्यांना येथें प्रश्न पडेल, कीं ती डिस्क योग्य त्या कार्डानें साध्या संगणकाला जोडून लिनक्सनें कां वाचली नाहीं? वाचतां येते; आणि मला घाई असती तर मीं तेंच केलें असतें. परंतु तें कार्ड मजजवळ नव्हतें, यंत्र समोर होतें, आणि खरें सांगावयाचें तर एव्हांना मी हट्टाला पेटलों होतों.

नवी प्रणाली यंत्रांत शिरावी कोठून? सीडीवरून घ्यावी म्हटलें, तर हीं जुनीं यंत्रें 512 बाइटांच्या तुकड्यांनीं वाचणारी सीडीची पेटीच ओळखतात. सामान्य पेटी 2048 च्या तुकड्यांनीं वाचते. तेव्हां राहिली वाट जाळ्याची. हीच वाट मला या सर्व प्रकरणांत अत्यंत मनोवेधक वाटली, म्हणून ती जरा सावकाश सांगतों.

ओके या शब्दापुढें बूट नेट असें लिहिलें, कीं यंत्र जाळ्यावर एक हांक मारतें. तिचा अर्थ असा: माझा कायमचा पत्ता हा, पण इथल्या वस्तींत मला काय म्हणतात? या पद्धतीचें नांव रार्प, आणि ती 1984 सालीं ठरविली गेली. जाळ्यावरच्या दुसऱ्या एका यंत्रापाशीं एक यादी असते. तींत तो पत्ता सांपडला, तर तें यंत्र उत्तर देतें: तुझा येथला क्रमांक अमुक. मग आमचें यंत्र त्या क्रमांकालाच सोळांच्या पटीच्या अंकांत लिहून, पुढें आपल्या जातीचें नांव जोडून, त्या नांवाची फाईल मागतें. 192.168.1.10 हा क्रमांक मिळाला असला, तर 192 चे सी शून्य, 168 चे ए आठ, मग शून्य एक, मग शून्य ए, आणि शेवटीं बिंदु देऊन सन फोर एम. एका अक्षराचा फरक झाला तरी फाईल मिळत नाहीं. ती मिळाली म्हणजे तिच्यांतला छोटा प्रोग्राम जागा होतो, आपलें घर कोणतें हें पुन्हा विचारतो, आणि दूरच्या डिस्कवरून खरी कार्यप्रणाली ओढून आणतो. ज्याच्या पोटांत अद्याप कांहींच नाहीं, असें यंत्र एकेक प्रश्न विचारीत, प्रत्येक उत्तराच्या आधारानें पुढचा प्रश्न विचारण्याइतकें शहाणें होत जातें. उत्तरें देणारें यंत्र मीं एका जुन्या पीसीवर नेटबीएसडीच घालून तयार केलें, कारण या जुन्या बोली नवीं यंत्रें आपण होऊन बोलत नाहींत.

तयारी पुरी झाल्यावर मीं बूट नेट लिहिलें. यंत्रानें हांक मारली. उत्तर नाहीं. पुन्हा हांक, उत्तर नाहीं. उत्तराची वाट पाहून वेळ संपली, असें तें दर थोड्या वेळानें कळवी आणि पुन्हा हांक मारी. मीं केबल बदलली, मधली पेटी बदलली, यादींतला पत्ता मामांच्या वहीशीं चार वेळां ताडून पाहिला. यादी बरोबर होती. असे चार दिवस गेले. पांचव्या दिवशीं, जें पहिल्याच दिवशीं करावयास हवें होतें तें केलें: उत्तर देणाऱ्या यंत्रावर बसून, जाळ्यावरून खरोखर काय येत आहे तें ऐकलें. हांक येत होती. पण ती मारणाराचा पत्ता आठ, शून्य, बत्तीस असा सुरू होत होता.

सनच्या अशा जुन्या यंत्रांचा पत्ता आठ, शून्य, वीस असा सुरू होतो. हे वीस सोळांच्या पटीच्या पद्धतीचे, म्हणजे आपल्या रोजच्या मोजणीचे बत्तीस. ओके लिहिणारा तो प्रोग्राम सर्व आंकडे सोळांच्या पटीनेंच घेतो. मीं मात्र अतिशहाणपणा करून मामांचे वीस मनांतल्या मनांत बत्तीस केले होते आणि बत्तीस असें लिहिलें होतें. यंत्रानें ते पुन्हा आपल्या पद्धतीनें घेतले, म्हणजे झाले पन्नास. आणि पडताळा? तो बरोबरच निघणार. कारण तो त्या चुकीच्या आंकड्यांवरूनच काढलेला. पंधरा आंकडे व सोळावा यांचा मेळ आहे कीं नाहीं, एवढेंच तो सांगूं शकतो. ते आंकडे खरे आहेत कीं नाहींत, हें त्याला कोठून कळणार! यंत्र कुरकुरेनासें झालें याचाच अर्थ सर्व ठीक आहे, असा मीं लावला होता. वास्तविक प्रत्येक वेळीं सुरू होतांना तें आपला पत्ता पडद्यावर स्वच्छ लिहीत होतें, आणि मीं तो एकदांहि वाचला नव्हता.

बत्तीसचे वीस केले, पडताळा पुन्हा काढविला, बूट नेट लिहिलें. पडद्यावर एक आंकडा उमटला आणि वाढूं लागला. फाईलीचे बाइट येऊन पोंचत होते. तो आंकडा वाढतांना पाहून मी खुर्चीवरून उठून उभा राहिलों, एवढें येथें सांगण्यास हरकत नाहीं.

पुढचें काम कंटाळवाणें आहे, तें थोडक्यांत सांगतों. बसविणारा प्रोग्राम भला आहे. प्रश्न विचारतो, पर्याय दाखवितो. डिस्कचे भाग पाडावयाचे, त्यांतला एक स्मृति अपुरी पडल्यास उसनी जागा म्हणून राखावयाचा, मग प्रणालीचे गठ्ठे जाळ्यावरून आणून सोडवावयाचे. सनच्या रीतींत एक चमत्कारिक गोष्ट आहे: तीन क्रमांकाच्या जागेवरची डिस्क ती पहिली मानली जाते. जुनी व नवी अशा दोन डिस्का एकाच वेळीं आंत असल्या, तर चुकीच्या डिस्कवर हो म्हणून बसण्याची ही उत्तम संधि. मामांची डिस्क कपाटांत होती म्हणून मी निश्चिंत होतों. संध्याकाळीं सातला बसलों तों रात्रीचे साडेअकरा वाजले. पहिल्यांदा सुरू होतांना गुप्त संभाषणाच्या किल्ल्या बनवावयास यंत्राला इतका वेळ लागला, कीं तें पुन्हा बंद पडलें असेंच मला वाटलें. पण तें फक्त मोठ्या संख्यांचें गणित करीत होतें. घड्याळ मात्र अचूक लागलें. त्या चिपमध्यें वर्षाला दोनच आंकडे आहेत, परंतु सनची गणना 1968 पासून सुरू होते, म्हणून तीं दोन घरें 2067 पर्यंत पुरतात.

हा सगळा उद्योग निरर्थक आहे, असें माझा एक मित्र म्हणतो, आणि विजेच्या बिलाकडे पाहिलें तर त्याचें म्हणणें खोडून काढणें कठीण आहे. पण एक गोष्ट त्याच्या ध्यानांत येत नाहीं. इंटेलचें यंत्र मोठी संख्या स्मृतींत शेपटाकडून लिहितें, हें जुनें स्पार्क डोक्याकडून. आणि संख्या आपल्या योग्य घरापासून सुरू झाली नाहीं, तर इंटेलचें यंत्र निमूट सोसून घेतें, स्पार्क तेथेंच काम थांबवून चूक दाखवितें. म्हणून सोशिक यंत्रावर वर्षानुवर्षें लपलेल्या चुका या हट्टी यंत्रावर उघड्या पडतात, आणि त्या दुरुस्त झाल्या म्हणजे लाभ सगळ्यांचाच होतो. बहुविध यंत्रांवर प्रणाली चालती ठेवणें हें केवळ जुन्याचें प्रेम नव्हे. ती लिहिणाराची परीक्षाहि आहे. मित्र यावर म्हणतो, कीं परीक्षा दुसऱ्या कोणीं तरी घ्यावी. असो.

नव्या प्रणालीवर एक आठवडा यंत्र चालवून पाहिलें, आणि मग एका रविवारीं सकाळीं मामांची डिस्क दुसऱ्या जागेवर बसविली. ती उघडली नाहीं. आधीं तिची आरंभापासून शेवटपर्यंत, जो भाग वाचतां येईना तो वगळून, एक नक्कल नव्या डिस्कवर घेतली. त्याला दुपार उलटून गेली. तेवढ्या वेळांत मी त्या खोलींतून हललों नाहीं. नक्कल पुरी होतांच मूळ डिस्क काढून पुन्हा फडक्यांत ठेवली, आणि ती नक्कलच, केवळ वाचण्यापुरती, प्रणालीला जोडली. सनची जुनी मांडणी व नेटबीएसडीची मांडणी एकाच बर्कलीच्या आजीच्या नाती, त्यामुळें भाषांतराची गरज पडली नाहीं. घरांचीं दारें उघडावीं तसे एकामागून एक कप्पे उघडले, आणि शब्द या नांवाचा कप्पा दिसला.

मामांनीं एक शहाणपणा केला होता. त्या काळीं संगणकावर देवनागरी लिहिण्याच्या दहा तऱ्हा होत्या, आणि त्यांतल्या बहुतेकींचे फाँट आज मिळत नाहींत. त्यांनीं मराठी मजकूर साध्या रोमन अक्षरांत, हॉलंडमधील फ्रान्स वेल्टहाइस यांनीं 1991 च्या सुमारास आंखून दिलेल्या रीतीनें लिहिला होता. दीर्घ स्वराला अक्षर दुप्पट, मूर्धन्य वर्णाआधीं टिंब. नजर बसली कीं कोणत्याहि यंत्रावर, कोणत्याहि फाँटाशिवाय वाचतां येतो. त्याचें देवनागरी करावयास मला एक संध्याकाळ पुरली. डोलकाठी, शीड, सुकाणूं, नांगर, नाळ असे माझ्या परिचयाचे थोडे, आणि मीं जन्मांत न ऐकलेले कितीतरी. पांच फाईलींपैकीं एकीचा शेवटचा भाग डिस्कच्या बिघडलेल्या जागेंत गेला तो गेलाच. बाकीच्या चार पूर्ण आहेत. कांहीं शब्दांपुढें अर्थाच्या जागीं प्रश्नचिन्ह आहे आणि खालीं, अमक्याला विचारणें, अशी टीप आहे. तीं माणसें आतां असण्याचा संभव थोडा.

मी मामींकडे लॅपटॉप घेऊन गेलों आणि पानें दाखवूं लागलों. त्यांनीं चष्मा लावून बराच वेळ वाचलें. एके ठिकाणीं बोट ठेवून म्हणाल्या, "हा शब्द ह्यांनीं चुकीचा लिहिलाय. आमच्याकडे असा नाहीं म्हणत." दुरुस्ती काय ती मीं लागलीच लिहून घेतली. मग मी त्यांना यंत्राची सगळी हकीकत सांगूं लागलों. चिप, बॅटरी, वीस आणि बत्तीस. त्यांनीं ती शांतपणें ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "बरें केलेंस हो. आतां हें सगळें कागदावर काढून आण. तुमच्या पेट्यांचा मला भरंवसा नाहीं."

दुसऱ्या दिवशीं दोन प्रति छापून नेऊन दिल्या. एक त्यांनीं देवघराच्या फळीवर ठेवली आहे, आणि दुसरीवर त्या पेन्सिलीनें खुणा करीत असतात.